स्वरांचा रुमाल

मी एक जुना रुमाल आहे. थांबा मित्रांनो, लगेच नाक पुसायला हात पुढे करू नका! तुमच्या खिशातला वीतभर रुमाल तो मी नव्हे. मी दप्तराचा रुमाल आहे. अडीच हात लांब, अडीच हात रुंद, लाल मांजरपाटाचा. कचेरीतले काम संपलेले कागद माझ्या मधोमध ठेवतात, माझी चार टोके उचलून दोन गाठी मारतात आणि मला मांडणीवर चढवतात. मग त्या कागदांची राखण माझ्याकडे.

माझा जन्म विट्याच्या बाजूला एका हातमागावर झाला. सूत जाडेभरडे होते, पण विणकराचा हात घट्ट होता. रंगाऱ्याने मला लाल रंगात दोनदा बुचकळले आणि माळावर वाळत घातले. वाऱ्यावर फडफडताना मला वाटले, आता आपण कुणाचे तरी पागोटे होणार, लग्नात मिरवणार. कसचे काय! एका सकाळी आम्हा चाळीस भावंडांचा गठ्ठा बैलगाडीत पडला आणि आमची वरात तालुक्याच्या कचेरीत आली. मी हिरमुसलो होतो, खोटे कशाला बोलू?

पण दप्तरखान्याचे दार उघडले आणि मी थक्क झालो. दगडी भिंतींची ती लांबलचक खोली, आढ्याला भिडलेल्या मांडण्या, आणि त्यांवर ओळीने बसलेले शेकडो लाल रुमाल! कुणाच्या पोटात जन्माच्या नोंदी, कुणाच्या पोटात बांधाची भांडणे, कुणाच्या पोटात मरणाच्या. अख्खा तालुका तिथे मुकाट बसला होता. एवढी माणसे एका खोलीत मावतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

पुढे मोठी लढाई पेटली. आमच्या भागातले तरणेबांड गडी पलटणीत भरती झाले आणि त्यांच्याबद्दलची पत्रे कचेरीत येऊ लागली. त्या कागदांसाठी शिपायांच्या नावांप्रमाणे, बाराखडीच्या क्रमाने रुमाल लावले. माझ्या वाट्याला स्वर आले, अ पासून औ पर्यंत. सगळे मला 'स्वरांचा रुमाल' म्हणत. जागाही मानाची, दाराजवळच्या पहिल्या मांडणीवर. ह चा रुमाल बिचारा पार शेवटच्या मांडणीवर, जिथे पावसाळ्यात भिंत पाझरायची. मला वाचता येत नाही, मित्रांनो. कान मात्र तिखट आहेत. कागद बांधताना कारकून ज्याचे नाव मोठ्याने घ्यायचा ते मी ध्यानात ठेवायचो. आनंदा. ईश्वरा. उमाजी. ऐबती. ही माझ्या घरची माणसे होती.

लढाई संपली, साहेब गेले, आपले राज्य आले. माझ्याकडे कुणी फिरकेना. धूळ साचली, एका टोकाला उंदराने दात लावले. आणि मग आमच्या दप्तरखान्यात विष्णुपंत आले.

विष्णुपंत वाईचे. अंगाने किरकोळ, डोक्यावर काळी टोपी, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. दप्तर सांभाळणे हे त्यांचे काम, पण ते काम नव्हते, पूजा होती. वर्षातून दोनदा ते आम्हाला उन्हात काढत, कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी घालत. कुठलाही कागद मागा, घटकाभरात तो टेबलावर! डोळे मिटून गाठ चाचपली तरी हा कितव्या सालचा रुमाल ते सांगत. त्यांचे मला फार अप्रूप वाटे. गुणांच्या राशीत एक खोड मात्र होती. कुणी अशुद्ध बोलले की त्यांच्या कपाळावर आठी उमटे. आमचा शिपाई धुळा आटपाडीकडचा. तो बोलला रे बोलला की पंत त्याला अडवत.

"धुळा, पयला नव्हे, पहिला. सायेब नव्हे, साहेब. तुझा ह जातो कुठे रे नेहमी?"

"ज्येवाय गेलाय, सायेब," धुळा म्हणे. "येतोय म्हनला माघारी."

चौऱ्याहत्तर सालच्या संक्रांतीनंतर एक बाई दप्तरखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. पन्नाशीची, अंगाने काटक, हिरवे लुगडे, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. तिचे नाव अंबूबाई. येरळेकाठच्या एका गावातून एस.टी.ने आली होती. तिने कमरेची पिशवी सोडून एक अर्ज पुढे केला. विष्णुपंतांनी तो वाचला. शिपाई हैबती नाथाजी, लढाईत गेला, त्याच्याबद्दल कचेरीत कागद असल्यास नक्कल मिळावी.

मग अंबूबाईने हकिकत सांगितली. बेचाळीस साली तिचा नवरा भरती झाला. एक पत्र आले, ते गळक्या कौलाखाली भिजून गेले. त्यानंतर ना पत्र, ना माणूस. तिच्या दिराने पलटणीला विचारले, तर छापील उत्तर आले की या नावाचा शिपाई आमच्या पटावर नाही. झाले! गावाच्या तोंडाला काय लागते? हा पलटणीत गेलाच नाही, वाटेतूनच पळाला, कुठेतरी दुसरा घरोबा करून बसला असेल. बत्तीस वर्षे ती हे ऐकत होती. आता गावात शाळेपुढे दगड उभा राहणार होता, लढाईत गेलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा. सरपंच लालासाहेब वाईट माणूस नव्हता, पण त्याने स्पष्ट सांगितले होते, "मावशे, कागूद आना. कागूद दावला की नाव घालतो."

"मला दुसरं काय बी नगो, सायेब," अंबूबाई म्हणाली. "आमचं धनी पळून गेल्यालं न्हाईत. तेवढं कुनीतरी कागदावर दावा."

"बाई, या खोलीत आलेला कागद हरवत नाही," विष्णुपंत ताठ मानेने म्हणाले. "पंधरा दिवसांनी या."

बोलून गेले खरे! त्यांनी ह चा रुमाल सोडला. त्यात हणमंता होते, हरिबा होते, हिंदुराव होते. हैबती नव्हता. त्यांनी तो रुमाल तीनदा सोडला आणि तीनदा बांधला. कागद शेजारी सरकला असेल म्हणून स चा रुमाल पाहिला. बापाच्या नावाने लावला असेल म्हणून नाथाजीसाठी न चा पाहिला. मांडणी भिंतीपासून ओढून मागची फट झाडली. तिथे एक विंचू निघाला, कागद निघाला नाही. आलेल्या टपालाची नोंदवही पाहावी, तर नेमकी त्या वर्षांची वही वाळवीने चाळण करून ठेवलेली. पंतांना जेवण गोड लागेना.

अंबूबाई दर महिन्याला बाजाराच्या दिवशी यायची. दारात उभी राहून नुसती पंतांकडे बघायची. पंत मान हलवायचे. ती "बरं" म्हणायची आणि परत फिरायची. एकदा तर तिने पंतांनाच धीर दिला, "सायेब, तुमी जिवाला लावून घिऊ नगासा." मी पहिल्या मांडणीवरून सगळे ऐकत होतो. मला तिची फार दया यायची. पण कोण हा हैबती? माझ्या घरच्या माणसांत हे नाव नव्हते. मी आपला गप्प होतो.

वर्ष सरले. मग तो हुकूम आला. लढाईच्या पत्रांना तीस वर्षे झाली, आता त्यांचा नाश करावा. मित्रांनो, कागदांनाही वय असते. काही कायमचे ठेवतात, काही दहा वर्षे, काही तीस. वय संपले की फाडून जाळतात. पंचाहत्तरच्या जानेवारीत धुळाने मला मांडणीवरून उतरवले आणि बाहेर पडवीत भावंडांच्या ढिगावर ठेवले. इतक्या वर्षांनी ऊन अंगावर पडले, पण बरे वाटेना. दुसऱ्या दिवशी आम्हाला मोकळे करून कागद आगीत जाणार होते. आणि माझ्या नशिबी पुढे काय, तर लादी पुसणे! माझी मला लाज वाटली. स्वरांचा रुमाल म्हणे!

त्याच दुपारी अंबूबाई आली. विष्णुपंत पडवीत स्टुलावर बसून याद्या तपासत होते. ती खाली बसली आणि तिने थकून माझ्यावर पाठ टेकली. तिच्या पाठीची ऊब मला लागली.

"सव्वीस तारखेला दगूड उभा ऱ्हातोय, सायेब."

पंतांनी चष्मा काढला. "बाई, मी हात टेकले. जेवढे सुचले तेवढे केले."

ती नुसती "बरं" म्हणाली. रडली असती तर पंतांना सोपे गेले असते. ते उठले, पडवीत दोन फेऱ्या मारल्या आणि एकदम थांबले.

"बाई, हा अर्ज कुणी लिहिला?"

"शाळंच्या गुर्जींनी."

"गुरुजींना नाव कुणी सांगितले?"

"सरपंचानं लिवून दिलं हुतं."

"त्यांनी कुठून घेतले?"

"रेशनकार्डावरनं असंल."

"म्हणजे कागदावरून कागदावर!" पंत म्हणाले. "वर्षभर मी कागदच वाचतोय. तुमच्या तोंडून ते नाव मी एकदाही ऐकलेले नाही. काय म्हणायचे त्यांना घरात?"

अंबूबाई एवढी गोरीमोरी झाली! "आवं सायेब, धन्याचं नाव कसं घिऊ मी?"

"बरे, भरती झाले तेव्हा त्यांचे नाव कुणी लिहून घेतले?"

"बाजारात टेबल मांडलं हुतं म्हनं. माजं दीर हुतं संगं. कुनी मद्रासकडचा बाबू हुता. त्यानं नाव इचारलं, ह्येंनी सांगितलं, त्यानं लिवलं."

"मग त्यांनी काय सांगितले, तेच मला ऐकायचे आहे."

आता आली का पंचाईत! नाव ऐकल्याशिवाय पंतांचे पाऊल पुढे पडेना, आणि नवऱ्याचे नाव घ्यायला बाईची जीभ उचलेना. शेवटी ढीग रचणारा धुळा कंबर सरळ करत म्हणाला, "आवं मावशे, उखान्यात घ्या की! उखान्यात नाव घ्याया कुठं बंदी हाय?"

अंबूबाईने पदर तोंडाला लावला. "आता ह्या वयात उखाना घिऊ व्हय रं? लोकं काय म्हनतील?"

"हितं कोन हाय? मी हाय, सायेब हायती, आन् ही गठुडी."

गठुडी! मला राग आला, पण ती वेळ रागाची नव्हती. अंबूबाई सावरून बसली. लग्नात घेतलेला उखाणा तिला आठवत होता. तिने डोळे मिटले आणि एखाद्या नव्या नवरीसारखी हळू, लांबवून म्हणाली,

"किस्ना-कोयनंचं पानी कराडात मिळतं,
ऐबतरावांच्या नावानं कपाळ माजं खुलतं."

काय सांगू मित्रांनो! माझ्या धाग्याधाग्यातून शहारा गेला. ऐबती! हा तर माझ्या घरचा माणूस! तीस वर्षे मी त्याला पोटाशी धरून बसलो होतो, आणि वर्षभर त्याची बायको माझ्यासमोरून रिकाम्या हाताने परत जात होती. मला ओरडावेसे वाटले. पण रुमालाला कुठले तोंड?

"वा मावशे! ऐबतराव! झ्याक नाव!" धुळा म्हणाला.

विष्णुपंतांची सवय जाते कुठे? "हैबतराव," ते म्हणाले. "धुळा, ह म्हण. ह."

"आमच्यात ह्या नावात कोन म्हनतंय सायेब ह? मानूस सोता बी ऐबतीच सांगनार की."

पंतांचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. त्यांनी एक हात टोपीवर ठेवला. "सोता बी ऐबतीच सांगनार," ते स्वतःशीच पुटपुटले. धुळाचे अशुद्ध वाक्य, जसेच्या तसे! "मद्रासच्या बाबूने ऐकले तसे लिहिले. त्याला काय ठाऊक, इथे एक ह असतो आणि तो बोलत नाहीत? अरे, पलटणीचा पट इंग्रजीत, तिथे तो ए मध्ये. आपल्याकडे तो ऐ मध्ये. आणि मी बाराखडीच्या पार दुसऱ्या टोकाला शोधतोय! धुळा, स्वर! स्वरांचा रुमाल कुठे आहे?"

"मावशी टेकून बसलीया त्योच न्हवं का!"

अंबूबाई चटकन बाजूला सरकली. पंत जमिनीवर बसले, धोतराला धूळ लागेल याची पर्वा न करता. माझ्या गाठी घट्ट होत्या. एरवी मला त्या गाठींचा किती अभिमान! त्या क्षणी मात्र त्या आपण होऊन सुटाव्यात असे मला वाटत होते. पंतांनी दातांनी गाठ सैल केली. आनंदा, ईश्वरा, उमाजी. आणि एक पिवळे पाकीट. त्यावर मराठीत नाव होते, ऐबती नाथाजी.

आतला कागद इंग्रजीत होता. पंतांनी तो मनात वाचला. मग त्यांची नजर समासावर गेली. तिथे लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता, 'कळवावे'. पुढे सही नाही, तारीख नाही. चव्वेचाळीस साली कुणीतरी 'कळवावे' लिहिले, कुणीतरी घाईत ते 'कळविले' असे वाचले, आणि काम संपले समजून कागद मला दिला. मी तो बांधून बसलो. काम संपलेच नव्हते.

पंत उठून उभे राहिले. टोपी नीट केली. मग इंग्रजी कागदातला मजकूर त्यांनी सावकाश मराठीत सांगितला. शिपाई ऐबती नाथाजी, सप्टेंबर एकोणीसशे चव्वेचाळीस, इटली देशात नदी ओलांडताना, जखमी जोडीदाराला पाठीवर घेऊन परत येत असताना गोळी लागून मरण पावला. त्याचा जोडीदार वाचला.

धुळाने मान खाली घातली. त्याला वाटले, मलाही वाटले, आता बाईचा हात कपाळाकडे जाणार आणि कुंकू पुसणार. इतकी वर्षे ती ज्याच्यासाठी ते लावत होती, तो पहिल्या दोन वर्षांतच गेला होता.

"म्हंजी पळून न्हाई गेलं," ती म्हणाली.

"नाही."

"पाठीवर घिऊन येत हुतं?"

"व्हय," विष्णुपंत म्हणाले. आणि त्यांनी ते सुधारले नाही.

तिचे डोळे भरून वाहू लागले. ती मोठ्याने रडली, खूप रडली, धुळाने पाणी आणून दिले तेही घेईना. मग पदराने तोंड पुसताना तिने कपाळाला धक्का लागू दिला नाही. "ह्ये आज न्हाई पुसत," ती म्हणाली. "गावात असंच जानार. गावाला आदी सांगते, मग काय ते बघीन." थोड्या वेळाने तिने विचारले, "सायेब, त्येंचा घास कवा टाकायचा? एवढी वरसं उपाशी ठेवलं की वो मी."

"शस्त्राने गेलेल्यांचा घास भाद्रपदात, वद्य चतुर्दशीला," पंत म्हणाले.

नक्कल तयार झाली. पंतांनी सरपंचांना चिठ्ठी लिहायला घेतली आणि पहिल्याच शब्दावर त्यांची लेखणी अडली. आयुष्यभर लोकांचे ह शोधून देणारा हा माणूस! त्यांनी विचारले, "बाई, दगडावर काय घालायचे? हैबती की ऐबती?"

"बिना ह चं घाला," अंबूबाई म्हणाली. "ऐबती म्हनून गेलं, ऐबती म्हनून मेलं."

पंतांनी तसेच लिहिले. मग त्यांनी मूळ कागद पुन्हा हातात घेतला. 'कळवावे' या शब्दाखाली शाईने 'कळविले' असे लिहिले, त्या दिवसाची तारीख घातली, सही केली आणि बाईचा अंगठा घेतला. माझ्या पोटावर ठेवलेल्या कागदावर तो अंगठा उमटला, मित्रांनो. एका ओल्या अंगठ्याचे वजन एवढे असते, हे मला त्या दिवशी कळले.

कागद जाळायचे राहिले. पंतांनी वर कळवले की एकेक पाकीट उघडून पाहिल्याशिवाय एकही कागद आगीत जाणार नाही. पुढचे सात महिने ते आणि धुळा तेच करत होते. पंत पाकिटावरचे नाव वाचत, मग धुळा तेच नाव आपल्या तोंडाने म्हणे, आणि पंत दोन्ही लिहून ठेवत. आणखी चार पाकिटांतल्या कागदांवर तसाच 'कळवावे' निघाला. चारही गावांना धुळा स्वतः जाऊन आला. अंबूबाईच्या गावचा दगडही त्याने पाहिला. अकरा नावे आहेत म्हणाला, शाळेची पोरे तिथून जाताना वाचत जातात.

आता मी फार विरलो आहे. विष्णुपंत निवृत्त होऊन वाईला गेले. नवे कारकून चांगले आहेत, पण घाईत असतात. मित्रांनो, उद्या तुमच्यातला कुणी कचेरीत बसेल. मला उन्हात घाला, वेखंड घाला, फाटलो तर ठिगळ लावा, मी नाही म्हणणार नाही. पण त्याहून एक मोठी राखण आहे. कुठलाही कागद माझ्यासारख्याच्या पोटात घालण्याआधी एवढेच बघा, की तो ज्याच्यासाठी आला होता त्याला कळला का. नसेल कळला तर गाठ मारू नका. कुणीतरी कपाळावर कुंकू लावून वाट बघत असेल.